तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरं कुत्रं कधी आणणार?

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण हल्ली हेच विचारतो. जळालेली पंपाची मोटार गाडीतून उतरवली, पाणी प्यायलं, मग इकडे तिकडे बघून "भुऱ्या दिसत नाही हो?" मी सांगतो गेला, चैत्रात गेला. थोडा वेळ कोणी बोलत नाही आणि मग ठरलेलं, "मग आता दुसरं कधी आणताय?" विचारणारी सगळी आपलीच माणसं, काळजीनेच विचारतात, राग कोणाचाच नाही. पण उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाहीये म्हणून एकदाच नीट लिहितोय.

एरंडोलला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार भरायचं, दुकान आहे. जळगावहून कॉपर वायर घेऊन येत होतो, पाळधी सोडल्यावर हायवेला डिव्हायडरला चिकटून एक भुरं कुत्रं बसलेलं दिसलं, पुढचा पाय लोंबत होता आणि दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते. गाडीत गोणपाट होतं, त्यात गुंडाळून परत जळगावलाच डॉक्टरकडे नेलं. घरी आणल्यावर आई दारातच आडवी, "हाई कटकट घरमा नको आनू." म्हणून मग दुकानात ठेवला.

पाय थोडा वाकडा जुळला पण जुळला. खरा वेळ लागला तो भीती जायला. आमच्या दुकानात दिवसभर काहीतरी उचलाउचल चालूच असते, पाइप, रॉड, बेअरिंगचा पुलर, आणि कोणी नुसता हात रॉडकडे नेला की हा पोट जमिनीला घासत टेबलाखाली जाऊन तिथेच मुतायचा. त्याला कोणी कशाने मारलं असेल ते मला कधीच कळणार नाही. माझ्याकडे वाइंडिंग शिकणारा पोरगा आहे, त्याने स्वतःच्या मनाने एक पद्धत सुरू केली, काहीही उचलायच्या आधी मोठ्याने सांगायचं, "भुऱ्या, रॉड उचलतोय रे." मग आम्ही सगळेच तसं करायला लागलो, गिऱ्हाईकं बघत राहायची. कितीतरी महिने हे चाललं. आणि एका दुपारी लोखंडी पाइप हातातून सुटून फरशीवर आदळला, एवढा मोठा आवाज झाला, आणि हा उताणा झोपलेला, चारी पाय वर, त्याने फक्त एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. त्या पोराचे डोळे भरून आले, माझेही आले. जन्मापासून लाडात वाढलेलं कुत्रं तुमच्यावर विश्वास टाकतं ते छानच, पण माणसाने तोडलेला विश्वास परत माणसावरच टाकायला त्या जिवाला काय काय करावं लागलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे "कुत्रंच होतं ना" असं कोणी म्हटलं की मला पुढे बोलताच येत नाही.

गोचीड तापाने गेला. गोचीड चावला की एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो, आधी ताप येतो, जेवण सुटतं, काही कुत्री वरवर बरी होतात आणि जंतू आत तसाच राहतो, मग खूप नंतर तो बोन मॅरोपर्यंत, म्हणजे हाडातल्या मगजापर्यंत, पोचला की शरीर रक्त बनवणंच कमी करतं. सुरुवातीला सापडलं तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनी बहुतेक कुत्री बरी होतात, साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. भुऱ्याला ते बहुतेक हायवेवरच्या दिवसांपासूनच असणार असं डॉक्टर म्हणाले. नाकातून रक्त आलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, रिपोर्टमधे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, अगदी तळाला. गोळ्या, सलाइन सगळं झालं. शेवटच्या दोन रात्री मी दुकानातच झोपलो. तुमच्याकडे कुत्रं असेल तर आजच त्याचे कान उलटून बघा, पंजाच्या बोटांमधे बघा, गळपट्ट्याखाली बघा, आणि ताप येऊन जेवण सोडलं तर उन्हाने असेल म्हणून थांबू नका.

मेहुण्याच्या शेतात बांधावर पुरला. चैत्रातली काळी जमीन, वरून भेगा आणि आत दगडासारखी, पहारीने फोडावी लागली, कमरेएवढा खड्डा केला, मीठ टाकलं, वरून बाभळीच्या काट्या घातल्या म्हणजे कोल्हं उकरणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, कारण आमचा सीझन तोच, व्होल्टेज कमी, मोटारी धडाधड जळतात आणि केळीला एक दिवस पाणी चुकलं तरी शेतकऱ्याचा जीव जातो. घरातलं माणूस गेलं की लोक दारावर येतात, बसतात, दहावा होतो, तेरावा होतो, रडायला जागा असते. इथे काहीच नाही. आतून पिळवटलेला माणूस कॉइल मोजत बसतो आणि मधेच आकडा विसरतो आणि परत पहिल्यापासून मोजतो.

त्यातच धरणगावकडचे एक म्हातारे बाबा सबमर्सिबल घेऊन आले. भुऱ्या गेला म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याचं विचारलं नाही, "कितली उमर व्हती?" एवढंच विचारलं आणि खाली बसले. मग त्यांचा बैल गेला होता ते सांगत बसले, पोळ्याला त्याच्या जागी नुसता खुंटा पुजला होता म्हणे. चहा घेतला, निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यासाठी दारावर आलेलं माणूस म्हणजे ते.

आता आईचं सांगतो, कारण उत्तर खरं तिच्यापाशी आहे. कटकट नको म्हणणारी हीच बाई नंतर रोज त्याच्यासाठी कळण्याची भाकरी ताकात कुस्करून डब्यात द्यायची, पोरांना द्यायला विसरेल पण त्याला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबे ठेवतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर घास देतात. यंदा आखाजी आली तेव्हा भुऱ्या जाऊन फार दिवस झाले नव्हते. आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आणि मग एक लहानशी पोळी वेगळी काढून पानावर ठेवली. बायको बघायला लागली तर म्हणाली, "त्याले बी घास जोयजे." कोणी काही बोललं नाही. ती पोळी मी बांधावर नेऊन ठेवली. शास्त्रात बसतं का ते मला माहीत नाही आणि मला ते विचारायचंही नाही. धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्गाचं दार अडवून धरलं ही गोष्ट आईनेच मला लहानपणी सांगितली होती.

तर उत्तर. आणणार, नक्की आणणार, पण एवढ्यात नाही. परत त्रास नको म्हणून थांबलोय असं काही जणांना वाटतं, तसं नाहीये, त्रास होणार हे मला तेव्हाही माहीत होतं. कारण एवढंच की आई अजून सकाळी सवयीने एक भाकरी जास्त थापते, पोरगा अजून रॉड उचलताना तोंड उघडतो आणि गप्प होतो. आत्ता एखादं पिल्लू या घरात आलं तर बिचाऱ्याला पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या हिशोबाने जगावं लागेल, हा भुऱ्यासारखा बसत नाही, हा तसं खात नाही. त्याचा काय गुन्हा? आई ज्या दिवशी स्वतः म्हणेल त्या दिवशी आणू.

आणि कृपा करून लॅब किंवा हस्कीचं पिल्लू सुचवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, बर्फातल्या जनावराला इथे आणून कूलरसमोर बांधणं मला पटत नाही. गावठीच आणणार.

ज्यांच्याकडे आत्ता पिल्लं झालीत त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवू नका, चांगलं घर मिळालं की देऊन टाका. फक्त सहा ते आठ आठवड्यांची झाली की पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची पहिली लस टोचा आणि मगच द्या, पुढचे डोस कधी ते नेणाऱ्याला कागदावर लिहून द्या. लसीचे पैसे कमी पडत असतील तर दुकानात या, मी देईन.