डावी बाजू हलकी

‘क्रमांक 4. डावीकडे बास नाही. दोन्ही बाजू जुळत नाहीत. नाकारावा.’ एवढं लिहून मी कागद पालथा घातला आणि इअरफोनचा पाचवा नमुना कानात अडकवला.

आमची पद्धत अशी की आधी मी ऐकायचं, मत लिहून टाकायचं आणि मगच मोजमापाच्या खोलीतले आलेख बघायचे. आलेख आधी दिसला की डोळ्यांनी पाहिलेलंच कानांना ऐकू यायला लागतं. नमुन्यांवर फक्त क्रमांक असतात. त्या दिवशी सहा वायरवाले इन-इअर, म्हणजे कानाच्या आत बसणारे इअरफोन होते, सगळे स्वस्तातले. तरी त्यांतला सर्वांत महाग सर्वांत स्वस्ताच्या चौपट किमतीचा होता, हे मला संध्याकाळी कळलं. आवाजाची पातळी मात्र आधीच जुळवलेली असते. त्यात कुचराई केली तर सगळा पोरखेळ. एखादा जोड जेमतेम 1 डेसिबलने मोठा वाजत असला तरी तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो.

दुपारी माझी सहकारी आलेख घेऊन आली. चौथ्या नमुन्याच्या डाव्या-उजव्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. 1 डेसिबलचाही फरक कुठे नव्हता.

“तुझा कपलर कुठेतरी चुकतोय,” मी म्हणालो.

कपलर म्हणजे कृत्रिम कान. धातूची छोटी पोकळी आणि तिच्या टोकाला मायक्रोफोन. मानकाचं नाव आयईसी 60318-4, पण आमच्यात सगळे अजून जुन्या क्रमांकावरून 711 च म्हणतात. तिने काही न बोलता बड, म्हणजे इअरफोनचे कानात जाणारे तुकडे, काढून पुन्हा बसवले आणि मोजले. असं तीनदा. 8 किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा तेवढा दर वेळी थोडा इकडेतिकडे सरकला, बाकी रेषा जागच्या जागी. (तो उंचवटा बराचसा कपलरचाच असतो आणि बड किती आत गेलंय त्यावर हलतो. त्याच्याकडे बोट दाखवून ‘हा इअरफोन कर्कश आहे’ म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. त्या दिवशी मात्र कुणावर रागावण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो.)

“उलटे घाल,” ती म्हणाली. “डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात.”

चौथ्याचे बड सरळ नळीसारखे होते, कसेही बसायचे. घातले. तबल्याचा तोच तुकडा लावला. डग्ग्याचा घुमारा अजूनही उजवीकडेच. दोष वायरीत किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरमध्ये असता तर बाजू पालटल्यावर तोही पालटायला हवा होता.

मग तिने जॅकच उपटला. “आता नुसतं गुणगुण. तोंड मिटून, ‘म्’.”

कान बंद असताना आपलाच आवाज डोक्यात घुमतो, ते सर्वांच्या अनुभवाचं आहे. मी गुणगुणलो आणि घुमणं स्पष्टपणे उजवीकडे झुकलं. डावीकडे साधं, उघड्या कानाने ऐकू यावं तसं. यंत्र नाही, गाणं नाही, कंपनी नाही. माझा डावा कानच नीट बंद होत नव्हता.

बाहेरून दोन्ही कान सारखे दिसतात म्हणून आतली वाटही सारखी असेल असं नाही. माझी डावीकडची थोडी रुंद आहे. दोन्हीकडे मधल्या मापाची टिप (बडच्या टोकावरची टोपी) घातली की डावीकडे फट राहते, दिसणारही नाही इतकी बारीक. पण इन-इअरचा बास सगळा त्या फटीवर अवलंबून. 10 मिलिमीटरचा पडदा खोलीभर हवा कुठून हलवणार? तो कानात कोंडलेली चिमूटभर हवा दाबतो आणि त्या दाबाला आपण बास म्हणतो. फट असली की खालच्या फ्रिक्वेन्सींचा दाब तिथून निसटून जातो; 100 हर्ट्झच्या खाली 10-15 डेसिबलही सहज जातात. गायकाचा आवाज बराचसा मध्ये राहतो, झांज राहते. म्हणूनच मला फट न आठवता ड्रायव्हरचा दोष आठवला.

डावीकडे मोठी टिप चढवली. डग्गा मध्ये आला.

सहाही नमुने नव्याने ऐकले. चौथा, जो मी दोन ओळींत निकालात काढला होता, तो दुसऱ्या स्थानावर आला. आणि तो सहांतला सर्वांत स्वस्त निघाला. सर्वांत महागड्यात प्रत्येक बाजूला तीन ड्रायव्हर होते आणि त्याचा बास गायकाच्या गळ्यावर बसल्यासारखा, तो पाचव्या स्थानावर. याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी 283 हेडफोनांची मोजमापं तपासून 2017 साली निबंध प्रसिद्ध केला, त्यांनाही किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणते स्वर किती जोरात वाजतात ते) यांच्यात संबंध सापडला नव्हता.

तरी चौथ्याला पहिलं स्थान द्यायला हात धजेना. त्याची वायर कपड्याला घासली की खसखस थेट कानात येते आणि जॅकपाशी ती फार दिवस टिकेल असं वाटत नाही. शिवाय त्याच्या टिपा कडक. क्रमांक 2 च्या नमुन्याच्या मऊ टिपा माझ्या डाव्या कानाशीही बऱ्यापैकी जमवून घेत होत्या. घेणारा माणूस टिपांची पुडी उघडतो का? बहुतेक जण खोक्यातून निघालेली मधली टिप तशीच वापरतात आणि ‘स्वस्तातला माल, बास नाही’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतात. मी तर पगार घेऊन तेच करत होतो. अहवालात क्रमांक 2 ला वर ठेवलं आणि चौथ्यासाठी लिहिलं की निवडलात तर टिपांची पुडी खोक्यात सगळ्यांत वर ठेवा.

अहवाल पाठवून झाल्यावर ती जुनी फाईल घेऊन समोर बसली. “आता हे बघ,” म्हणाली आणि एकेक पान उलटत गेली. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळे महिने, माझंच अक्षर. डावी बाजू हलकी. डावीकडे जोर कमी. डावी किंचित पोकळ.

“हे तुला आधी दिसलं होतं?”

“शंका होती. पण तू दर वेळी कपलरला दोष द्यायचास.”

त्या कारणासाठी नाकारलेले सात निघाले. पाच आमच्याच कपाटात होते. पुढच्या आठवड्यात मोठी टिप घालून ऐकले, त्यांतले चार इतर कारणांनी नापासच राहिले, एक पास झाला. उरलेल्या दोघांचे नमुने आम्ही केव्हाच परत पाठवले होते. दोघांना पत्र लिहून चूक माझी होती असं कळवलं आणि नमुने पुन्हा मागवले. एकाचे आले. दुसऱ्याचं उत्तर अजून नाही.