मराठी फाइलींच्या ढिगातून ‘दुष्काळ’ शोधताना : माझा अनुभव

आमच्या संस्थेचे एक त्रैमासिक निघते. जुन्या अंकांत १९७२च्या दुष्काळावर आणि रोजगार हमी योजनेवर जे जे छापून आले ते गोळा करून विशेषांक काढायचे ठरले आणि ‘तुला कॉम्प्युटरचं कळतं’ एवढ्या पात्रतेवर शोधाचे काम माझ्याकडे आले. संपादक सरांनी हार्ड डिस्क हातात ठेवली आणि म्हणाले, “सगळं यातच आहे. फक्त शोधायचं.”

त्या ‘फक्त’मध्ये पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइली होत्या, वर्डच्या जुन्या डॉक आणि नव्या डॉकएक्स होत्या, प्रेसला पाठवलेले पीडीएफ होते आणि काही अंकांचे नुसते स्कॅन होते. एकाच लेखाच्या तीन-तीन प्रती, आणि त्यातली छापलेली कोणती हे फाइलीच्या नावावरून कळायला मार्ग नाही.

अशा कामासाठी बहुतेक जण आधी ‘एव्हरीथिंग’ सुचवतात. प्रोग्रॅम झकास आहे, टाइप करता करता निकाल समोर येतो, पण तो मुळात फाइलींची नावे शोधणारा. आतला मजकूर त्याला शोधायला सांगता येतो, मात्र मग तो एकेक फाइल उघडून वाचत बसतो आणि सगळा वेग जातो. विंडोजच्या स्वतःच्या शोधाला आतला मजकूर दिसतो, पण त्यासाठी इंडेक्सिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन आपला फोल्डर जोडावा लागतो आणि फाइलींच्या प्रकारांत ‘मजकुरासह’ हा पर्याय निवडावा लागतो. एक-दोन फाइली हुडकायला तेवढे पुरते. मला मात्र प्रत्येक ठिकाणी शब्दाच्या मागची-पुढची ओळ बघायची होती.

मग तीन साधने शेजारी शेजारी लावली : डॉकफेचर, एजंट रॅन्सॅक आणि रिपग्रेप-ऑल.

डॉकफेचर आधी सगळ्या फोल्डरमधल्या शब्दांची सूची (इंडेक्स) करून ठेवतो. तिला वेळ लागतो, पण एकदा झाली की शोध क्षणात, आणि उजवीकडच्या चौकटीत मजकूर शब्द रंगवून दिसतो. एजंट रॅन्सॅक सूचीच्या भानगडीत पडत नाही, दर वेळी फाइली नव्याने चाळतो, म्हणून सावकाश. रिपग्रेप-ऑल हे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायचे प्रकरण. मूळचा रिपग्रेप फक्त साधा मजकूर वाचतो. ‘ऑल’ त्याच्यासाठी पीडीएफ, डॉकएक्स, अगदी झिपमधल्या फाइलीसुद्धा आधी मजकुरात उतरवून देतो आणि तो उतारा साठवूनही ठेवतो, त्यामुळे दुसरी फेरी झपाट्याने होते. जुनी डॉक त्याला चालत नाही. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मुक्त प्रोग्रॅमला एक आज्ञा देऊन अख्ख्या फोल्डरच्या डॉकएक्स करून घेतल्या.

इथे कुणी म्हणेल, डॉकएक्स म्हणजे तरी काय, झिपच ना? खरे आहे. नाव बदलून उघडली की आत ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल सापडते. पण त्या कच्च्या एक्सएमएलमध्ये शोधू नका. शब्दाचे अर्धे अक्षर ठळक केलेले असले, किंवा नंतर एखादी वेलांटी सुधारलेली असली, तरी वर्ड त्या शब्दाचे तुकडे पाडून मध्ये खुणा घालतो. पानावर ‘दुष्काळ’ सलग दिसतो, आत तो दोन ठिकाणी तुटलेला असतो. आधी मजकूर नीट बाहेर काढणारे साधन हवे ते याचसाठी.

आता मराठीचा मुद्दा. सूची करणारी साधने शब्द धरून चालतात. ‘दुष्काळ’ म्हटले की ‘दुष्काळ’ एवढाच. आपल्याकडे हा शब्द मोकळा असा कितीसा येतो? दुष्काळात, दुष्काळाच्या, दुष्काळग्रस्तांना, दुष्काळी कामे. म्हणून शब्दाच्या शेवटी तारांकन (*) देऊन शोधायचे. रिपग्रेप अक्षरांची ओळ जुळवतो, त्यामुळे तारांकनाशिवायच हे सगळे पकडतो, आणि ‘रोजगारहमी’ असे जोडून लिहिलेले असले तरी त्यातला ‘हमी’ त्याला सापडतो. ज्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात तिथे ही साधी पद्धत जास्त उपयोगाची, असे माझे मत झाले. सामान्यरूपात शब्दच बदलत असेल तर आणखी मागे जावे लागते. ‘पाणी’ शोधून ‘पाण्यासाठी’ मिळत नाही, ‘पाण’ शोधावे लागते. मग कुणाचा तरी पाणउतारा झालेला लेखही निकालात येतो, तो हसून सोडून द्यायचा.

यापेक्षा चिवट निघाले ‘शेतकऱ्यांना’. एका फाइलीत सापडतो, दुसरीत डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. कारण यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. कुणाच्या कळफलकावर तो नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, कुणाच्या साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. उपाय सोपा आहे : ‘शेतक’ एवढेच शोधा. ‘ॲक्ट’मधल्या ॲ चीही हीच गत, आणि आकड्यांचीही. निम्म्या लेखांत वर्ष देवनागरी आकड्यांत, निम्म्यांत इंग्रजी. योजनेचे जनक वि. स. पागे यांचे नाव तर आद्याक्षरांमध्ये जागा सोडून, न सोडता आणि टिंबांशिवाय असे सगळ्या प्रकारांनी आलेले. तिथे नुसते ‘पागे’ बरे. योजना कुठे ‘रोहयो’, कुठे ‘रो.ह.यो.’, कुठे ‘हमीची कामं’.

पण हे सगळे युनिकोडमधल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या, फाइलींपुरते. हार्ड डिस्कचा मोठा हिस्सा त्याआधीचा होता. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या प्रोग्रॅमांच्या फॉन्टांतला. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. या फॉन्टांत आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, वरचा फॉन्ट त्यांना मराठीचे रूप देतो. साहजिकच ‘दुष्काळ’ टाइप करून कोणतेही साधन तिथे शून्यच दाखवणार.

यावर एक युक्ती लागू पडली. अशी एक फाइल वर्डमध्ये उघडायची, त्यातला ‘दुष्काळ’ निवडून कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये चिकटवायचा. जो चिन्हांचा गोंधळ उमटेल तोच आपला शोधशब्द. रिपग्रेपला ‘हे जसेच्या तसे शोध, यातल्या चिन्हांचा वेगळा अर्थ लावू नकोस’ असे सांगता येते. डॉकफेचरसारख्या साधनाचा इथे उपयोग नाही, कारण चिन्ह आले की शब्द संपला असे त्याला वाटते. प्रत्येक फॉन्टघराण्याचा गोंधळ निराळा, म्हणून ‘दुष्काळ’, ‘हमी’, ‘सुकडी’, ‘मिलो’, ‘खडी’, ‘पाझर’ यांची प्रत्येक घराण्यातली रूपे एका फाइलीत लिहून ठेवली. सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा आहार) आणि मिलो (तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी) हे शब्द सरांनी सुचवलेले. दुष्काळ हा शब्दही न वापरता त्या वर्षांबद्दल लिहिलेल्या आठवणी याच शब्दांनी सापडल्या. खडी फोडायला गेलेल्या बाईच्या लेखात ‘दुर्भिक्ष’ कशाला असेल?

हव्या त्या फाइली हाती लागल्यावर मगच त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या. सरसकट सगळ्या आणत बसलो नाही, कारण लेखात मध्येच इंग्रजी शब्द असला तर कन्व्हर्टर त्यालाही जुना फॉन्ट समजून अगम्य मराठी करून ठेवतो आणि ते हाताने निस्तरावे लागते.

पीडीएफचे दुखणे वेगळे. अंक युनिकोडमध्ये लावलेला असला तरी पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या जातात, आणि आकृतीवरून परत अक्षर मिळवताना ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते, जोडाक्षरे गळतात. कोणत्याही साधनाला दोष देण्याआधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे जे दिसेल तेवढेच साधनाला दिसते.

अशा पीडीएफसाठी आणि स्कॅनसाठी ओसीआरच हवे, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखून मजकूर तयार करणे. ओसीआरमायपीडीएफ नावाचे मुक्त साधन आतून टेसरॅक्ट वापरते. टेसरॅक्ट मूळचे ह्यूलेट-पॅकार्डमधले, २००५मध्ये सर्वांसाठी खुले झाले, आणि त्याला मराठीची भाषाफाइल मिळते. ती वेगळी बसवावी लागते. पानाचे रूप तसेच ठेवून मागे न दिसणारा मजकुराचा थर लावला जातो. जुन्या फॉन्टच्या पीडीएफबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्यात ‘मजकूर’ आधीच असतो, त्यामुळे हे साधन काम करायला नकार देते. तिथे जबरदस्तीचा पर्याय द्यायचा. मग ते पानाचे चित्र करून पहिल्यापासून वाचते आणि आतला निरुपयोगी मजकूर टाकून देते. फाइल फुगते, आणि मूळ प्रत टाकून देऊ नये. स्कॅन ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) असेल तर वाचन बरे येते. फिकट छपाईत घ चा ध आणि भ चा म होतो, दोन रकाने कधी एकमेकांत मिसळतात. ओसीआर केलेल्या अंकांत म्हणून लांब शब्द शोधलाच नाही. ‘दुष्का’, ‘ष्काळ’, ‘रोजगा’ असे तुकडे टाकले. एखादे अक्षर चुकले तरी दुसरा तुकडा जुळतो.

सध्याची माझी व्यवस्था अशी : शोधायला रिपग्रेप-ऑल, निकाल थेट टेक्स्ट फाइलीत, कारण काळ्या खिडकीत जोडाक्षरे मोडकी दिसतात. सरांच्या लॅपटॉपवर डॉकफेचर, त्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत आणि रंगवलेला शब्द हवा असतो. त्यांच्यासाठी तारांकनाचा नियम कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला आहे. एजंट रॅन्सॅक ठेवला आहे तो दुसऱ्या कुणाच्या मशीनवर पटकन काही बघायचे असेल तेव्हासाठी, सूचीची वाट बघावी लागत नाही म्हणून.

पेजमेकरच्या ज्या फाइलींचे पीडीएफ कधी निघालेच नव्हते, त्यांतल्या काही लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या. मांडणी विस्कटते, पण आपल्याला मजकूरच हवा असतो. उरलेल्यांचे छापील अंक शोधून स्कॅनला दिले आहेत. त्यांतला एक अंक संस्थेकडेच नाही, कुणा वाचकाकडे असला तर आठवडाभरासाठी हवा आहे.