टायर परत मागवलेत ना, मग ट्रेलर जागचा हलवू नका

माझी भाची अमेरिकेत ओहायोमध्ये असते. तिच्याकडे गाडीमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर आहे. आत झोपायची सोय, छोटं स्वयंपाकघर, पुढच्या बाजूला गॅसच्या टाक्या. दोन ॲक्सल, चार टायर आणि मागे एक स्टेपनी. तिला अलीकडे ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं की कारखान्यातून बसवून आलेल्या टायरांत दोष आहे, चालताना ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीदार रबराचा थर, सुटू शकतो, टायर विनामूल्य बदलून देऊ. तिने फोटो मला पाठवला, कारण माझी सगळी नोकरी बडोद्याजवळच्या एका टायर कारखान्यात, क्वालिटी विभागात गेली.

खाली तिने लिहिलं होतं, "मामा, पुढच्या आठवड्यात तळ्यावर जायचं ठरलंय. तेवढं जाऊन आलो तर चालेल का?"

नाही चालणार. तिला मी लगेच तसं कळवलं. इथे सविस्तर लिहितोय, कारण आपल्या बडोद्यात दांडिया बाजार म्हणा, रावपुरा म्हणा, मराठी घरांतली कितीतरी मुलं तिकडे आहेत आणि असे ट्रेलर घेतात.

जावईबापूंचं म्हणणं होतं की टायर नवेकोरे दिसतात, ट्रेड जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे. टायरच्या दुकानात आपणही हेच बघतो. पण हा दोष बाहेरून दिसणारा नाही. रेडियल टायरमध्ये ट्रेडच्या खाली स्टीलच्या तारांचे दोन पट्टे असतात, त्यांना आम्ही बेल्ट म्हणतो. तारेवर पितळेचा पातळ मुलामा असतो. क्युअरिंग प्रेसमध्ये टायर तापतो तेव्हा रबरातलं गंधक त्या पितळेला धरतं आणि तार व रबर एकजीव होतात. सगळा टायर या पकडीवर उभा असतो. रबर चढवलेल्या तारांचे रोल जास्त दिवस पडून राहिले, त्यांना ओल लागली, धूळ बसली, थरांमध्ये हवा अडकली किंवा प्रेसमध्ये वेळ कमी पडला, की पकड कच्ची राहते. पावसाळ्यात बडोद्याची हवा कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांत रोल ठेवायच्या खोलीतल्या आर्द्रतेवर आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचो. मुदत उलटलेला रोल पुढे जाऊ द्यायचा नाही, मग लाइन थांबली तरी बेहत्तर.

कच्ची पकड बेल्टच्या कडेला आधी सुटते. चीर दोन बेल्टच्या मधून हळूहळू आत सरकते, उष्णतेने तिचा वेग वाढतो, आणि एक दिवस चिरोट्याचा पापुद्रा निघावा तसा वरचा बेल्ट ट्रेडसकट निघून येतो. तोपर्यंत हवा बरोबर असते. म्हणून जावईबापूंनी चाकांना हवेच्या दाबाचे सेन्सर लावलेत, ते चांगलंच केलं, पण या दोषाची चाहूल सेन्सरला लागत नाही.

त्यात ट्रेलरच्या टायरचे हाल कारच्या टायरपेक्षा जास्त. वर्षातले कितीतरी महिने ट्रेलर एकाच जागी उन्हात उभा, आणि मग एकदम भरल्या वजनाने हायवेवर. दोन ॲक्सल जवळजवळ असल्यामुळे अरुंद वळणावर टायर आडवे घासटतात, तो सगळा ताण बेल्टवर येतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, आकाराच्या आधी एसटी (स्पेशल ट्रेलर) ही अक्षरं असलेले हे टायर वजन पेलायला बनवलेले असतात, वेगाला नव्हे. त्यांतल्या पुष्कळांची मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटर असते, आणि तिकडच्या हायवेवर लोक त्याहून जोरात जातात. शिवाय मागच्या ट्रेलरचं चाक बिघडायला लागलं तरी पुढे स्टिअरिंगवर बसलेल्याच्या हाताला काही कळत नाही. सुटलेला ट्रेड चाबकासारखा फिरतो आणि चाकावरचं पत्र्याचं आवरण, तळाच्या वायरी, गॅसची नळी, जे मिळेल ते फोडतो. मला सगळ्यात जास्त भीती त्या गॅसच्या नळीची वाटली.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. दोष हाच, ट्रेड सुटण्याचा. त्या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंचा आकडा अडीचशेच्या वर गेला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तेव्हा आपापल्या कारखान्यातली कामाची पद्धत पुन्हा तपासली. त्याच वर्षी अमेरिकेत ट्रेड ॲक्ट नावाचा कायदा झाला. त्यातून कारच्या टायरांसाठी नवी, कडक चाचणी आली, ताशी १२० किलोमीटरने सलग ३४ तास फिरत्या ड्रमवर पळवण्याची. नव्या गाड्यांना हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणाही सक्तीची झाली. पण एसटी टायर त्या नव्या चाचणीतून वगळले गेले आणि दाबाची यंत्रणा ट्रेलरला लागू झाली नाही. कारच्या टायरपेक्षा जास्त वजन आणि ऊन सोसणारा टायर जुन्याच कसोटीवर राहिला, हे मला आजही पटत नाही.

जावईबापूंनी आणखी एक मुद्दा काढला. कंपनीला सरकारकडे अहवाल द्यावा लागतो, त्यात दोष असलेल्या मालाची अंदाजे टक्केवारी असते, आणि ती फार नाही. मी त्यांना म्हटलं, "जावईबापू, ती टक्केवारी सगळ्या लॉटची आहे. तुमच्या ट्रेलरखाली त्यातला कुठला टायर लागलाय ते कंपनीलाही माहीत नाही. माहीत असतं तर तेवढेच मागवले असते." लॉट मागवतात तो याच कारणाने. त्या आठवड्यांत त्या मशीनवर काय बिनसलं ते समजतं, पण नेमके कोणते टायर बिघडले ते समजत नाही.

मग व्हिडिओ कॉलवर नंबर शोधायला बसलो. टायरवर डीओटी या अक्षरांनंतर नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. ३४२२ असेल तर २०२२ मधला ३४वा आठवडा. मात्र पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असला तरी नियमाला चालतं, दुसऱ्या बाजूला तारीख नसू शकते. काही चाकांवर ती बाजू नेमकी आत होती. भाची टॉर्च घेऊन ट्रेलरखाली शिरली आणि फोनने फोटो काढले. चारही टायर कंपनीने परत मागवलेल्या आठवड्यांतले निघाले. "आता स्टेपनी बघ," म्हटलं. तीही त्याच लॉटची. स्टेपनी बघायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि पुढे रस्त्यात पंक्चर झालं की तोच सदोष टायर चाकाला लागतो.

डीलर म्हणाला, ट्रेलर घेऊन या. अहो, ज्या टायरांचा ट्रेड चालताना सुटू शकतो असं पत्र आलंय त्याच टायरांवर तो आणायचा कसा? बरीच फोनाफोनी झाल्यावर घरी येऊन टायर बदलायला माणूस पाठवायचं ठरलं. टायरच्या बाबतीत एक मुदतही ध्यानात ठेवा: पत्र मिळाल्यापासून किंवा बदली टायर उपलब्ध झाल्यापासून, यांतलं जे नंतरचं असेल तिथून १८० दिवसांत ते बदलून घ्यावे लागतात. आणि विनामूल्य बदलण्याचा हक्क पहिल्या खरेदीपासून ५ वर्षांच्या आत पत्र आलं असेल तरच आहे.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०ए हे कलम आलं. सदोष वाहनं परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं, आणि दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो बसवलेली वाहनंही त्यात येतात. कलम चांगलं आहे. पण दुकानातून टायर घेताना आपण नंबर कुठे लिहून ठेवतो? आरसी बुकात टायरचा नंबर नसतो. उद्या एखादा लॉट मागवलाच तर तो तुमच्या चाकाला लागलाय हे तुम्हाला कळणार कसं? टायर बसवून घेतलात की तिथेच उभं राहून पाचही नंबरांचे फोटो काढा आणि बिलाच्या फोटोशेजारी ठेवा. पाच मिनिटांचंही काम नाही.

भाचीला शेवटी एकच गोष्ट बजावून सांगितली. काढलेले टायर पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून ते कापून किंवा भोक पाडून निकामी करावेत, असा तिकडे नियम आहे. जुन्या टायरच्या बाजारात चांगला ट्रेड असलेल्या टायरला लगेच गिऱ्हाईक मिळतं, आणि हे पाचही टायर दिसायला चांगलेच आहेत. म्हणून माणूस आला की त्याला विचार, टायर कुठे नेणार, कापणार कधी. तयार असेल तर तुझ्यासमोर साइडवॉलला भोक पाडायला सांग, आणि मगच त्याच्या कागदावर सही कर.