मंद केली की लुकलुक: ग्रिलच्या माळेचा छडा लागला

सापडलं एकदाचं! गॅलरीच्या ग्रिलवरची एलईडी माळ मंद केली की लुकलुकायची, त्याचं कारण पाणी नव्हतं.

ही तक्रार गेल्या अपडेटमध्ये मांडली, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा निकाल एकच होता: सांध्यात पाणी गेलंय. पावसाळ्यात पहिला संशय तिकडेच जाणार, म्हणून श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून सांध्यावर घट्ट बसणारी नळी) कापून सगळे सांधे उघडले. आत तांबं लख्ख, हिरवा डागसुद्धा नाही. गोंदवाली ट्यूब आणि वरून सिलिकॉन ही जोडी आमच्याकडच्या तिरप्या पावसातही टिकते, एवढं तरी पक्कं झालं. साधी ट्यूब चार पैशांनी स्वस्त पडते, पण बाहेर वापरू नका.

खरी गंमत पुढे आहे. माळ फुल्ल पांढरी केली की शंभरच्या शंभर पिक्सेल (ज्याचा रंग वेगळा ठरवता येतो असा माळेतला एकेक दिवा) शहाण्यासारखे वागायचे. रोजच्या पिवळसर उजेडावर, म्हणजे २० टक्क्यांवर आणली की पहिल्या पिक्सेलपासूनच लाल-हिरवे ठिपके उडायला लागायचे. लोड कमी केल्यावर त्रास वाढतोय, तर मग सप्लाय कमी पडतोय असं म्हणायचं तरी कसं? आणि नवा एसएमपीएस (माळेला ५ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) लावल्यापासूनच हे सुरू झालेलं. मागच्या टोकाला पांढऱ्याचा नारिंगी होत होता म्हणून तर तो आणला. (व्होल्टेज पडलं की आधी निळा मरतो, मग हिरवा, लाल शेवटपर्यंत तग धरतो.)

पहिल्या पिक्सेलपाशी मल्टिमीटर लावला. मंद असताना ५.२ व्होल्ट, फुल्ल पांढऱ्यावर ४.६. हॉलमधून ग्रिलवरच्या डब्यापर्यंत आलेली १ स्क्वेअर एमएमची वायर सहा अँपिअरला तेवढं खाणारच. आणि इथेच ट्यूब पेटली. पिक्सेलमधल्या डब्ल्यूएस २८११ चिपला डेटाचा, म्हणजे रंगाच्या आदेशांचा, 'हाय' (१) ओळखायला सप्लायच्या ०.७ पट व्होल्टेज लागतं. ५.२ वर ते होतं ३.६४ आणि माळेला डेटा पाठवणारा आपला कंट्रोलर, ईएसपी ३२, देतो ३.३. नापास! ४.६ वर लागतात ३.२२, म्हणजे काठावर पास. जुना एसएमपीएस ४.७ च्या वर चढतच नव्हता, म्हणून त्याच्यावर सगळं आलबेल होतं. दिवाळीपुरती माळ लावून फुल्ल पेटवणाऱ्यांना हा प्रकार बहुधा भेटणारच नाही. बारा महिने मंद लावणाऱ्या आपल्यासारख्यांच्याच तो वाट्याला येतो.

एसएमपीएसचा स्क्रू फिरवून ५ वर आणला. लुकलुक कमी झाली, गेली नाही. ज्यांनी '१२ व्होल्टवर जा' सुचवलं होतं त्यांना नम्रपणे: त्यानं व्होल्टेज ड्रॉप सुटेल, पण त्या माळांतली चिपही डेटा जवळपास ५ व्होल्टच्याच हिशेबानं वाचते.

सध्याचा जुगाड म्हणजे बळीचा पिक्सेल. जुन्या माळेतला एक पिक्सेल कापून डब्यातच ठेवला, त्याच्या पॉझिटिव्हमध्ये ४००७ डायोड घातला. सप्लाय अर्ध्या-पाऊण व्होल्टनं उतरतो, त्यामुळे त्याला ३.३ चा डेटा कळतो, आणि तो पुढे स्वतःच्या सप्लायइतक्या ताकदीनं पाठवतो. डब्ल्यूएलईडीत (ईएसपीवर चालणारं माळेचं सॉफ्टवेअर) पहिला एलईडी स्किप केला की झालं. त्या संध्याकाळपासून माळ एकदाही फडफडलेली नाही. मी खुर्ची टाकून चहा संपेपर्यंत नुसता बघत बसलो होतो.

पक्का इलाज मात्र ७४एचसीटी१२५, म्हणजे ३.३ चा डेटा ५ व्होल्टपर्यंत उचलून देणारी चिप. ऑनलाइन मागवली तर पाकिटावर 'एचसीटी' आणि आत चिपवर नुसतं 'एचसी'! ५ व्होल्टवर एचसीलाही ३.५ च लागतात, म्हणजे पुन्हा तेच रडगाणं. एचसीटी २ व्होल्टलाच 'हाय' मानते. चिपवरचा नंबर भिंगातून वाचल्याशिवाय सोल्डरिंग गन गरम करू नका. मी आता शनिवारी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन डोळ्यांदेखत घेणार आहे. तिथे दुकानदार दोन प्रश्न उलट विचारतो, ते मला परवडतं.

सूर्यास्ताचा टायमर झकास चाललाय. पुण्यात नोव्हेंबरात सहाच्या आसपास आणि जुलैत सव्वासातला सूर्य मावळतो, त्यामुळे ठरावीक वेळेच्या टायमरला अर्थच नव्हता. शेजारच्या काकूंनी 'तुमची दिवाळी संपत नाही का हो?' विचारणं बंद केलंय. परवा उशीर झाला तर 'आज माळ नाही?' म्हणाल्या.

हे लिहिता लिहिता सुचलं: एचसीटी १२५ मध्ये चार गेट (डेटा उचलून देणारे चार वेगळे मार्ग) असतात आणि ग्रिलला लागतंय एकच. मग कंदिलाला वेगळा कंट्रोलर कशाला? एक गेट कंदिलाला, एक दाराच्या तोरणाला, एक देवघराला. ईएसपी ३२ वर एवढे आउटपुट सहज निघतात. देवघरापर्यंतची वायर लांब पडेल, तिथे गेटनंतर रेझिस्टर घालून बघतो, नाहीतर मध्ये आणखी एक बळीचा पिक्सेल. म्हणजे कंदिलासाठी घेतलेला दुसरा ईएसपी मोकळा झाला. पुण्यात कुणाला हवा असेल तर घेऊन जा, यूएसबीचं सॉकेट जरा सैल आहे.