आमच्या रानातल्या रेतीची किंमत

नदीकाठच्या आमच्या रानात माती काढली की खाली गोटे आणि रेती लागते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याची किंमत कधी कुणी काढली नव्हती. दिवाळीनंतर एक जण येऊन म्हणाला, पाच फुटाचा थर आहे, एकरात दोन हजार ब्रास कुठे जात नाही, द्या मला. आबांना रात्रभर झोप नाही. मी कागदावर करून बघितलं, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, गुणिले पाच, भागिले शंभर, २,१७८ ब्रास. गणित बरोबरच होतं, चुकीचे होते ते पाच फूट, कारण त्याने फक्त ओढ्याकडची दरड बघितली होती.

मग जेसीबी बोलावून चार खड्डे घेतले. एकात साडेपाच फूट, एकात दोन, एकात तीन, एकात दीड. सरासरी तीन, म्हणजे थेट १,३०७ ब्रासवर आलो, त्यातून बांधालगतची आणि उताराची जागा सोडायची ती वेगळीच. बरणीत रेती, पाणी आणि थोडं मीठ घालून हलवून रात्रभर ठेवली, तर सकाळी वर बोटाच्या पेराएवढा गाळ बसलेला. आयएस ३८३ (काँक्रीटच्या रेती-खडीचं भारतीय मानक) नुसार नैसर्गिक रेतीत बारीक गाळ वजनाने ३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे हा माल धुवावाच लागणार.

आणि लोक भाव धरतात तो ट्रॉली दारात खाली झाल्यावरचा. त्यातून भाडं, डिझेल, धुणं, रॉयल्टी वजा केल्यावर रानात जे उरतं तेच आपलं, तेही एकदम नाही, माल उचलेल तसतसं. शिवाय जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे गौण खनिजावर, म्हणजे रेती, मुरूम, दगड अशा मालावर, हक्क सरकारचा, सातबारा आपला असला तरी. विनापरवाना उचललं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, हे त्या माणसाने सांगितलंच नाही.

पण मला खरी काळजी लागली ती साडेपाच फुटाच्या खड्ड्यात. तासाभरात तळाला पाणी आलं, स्वच्छ, गोट्यांच्या फटीतून झिरपत. आजोबांनी खोदलेली विहीर तिथून चाळीस पावलांवर आहे आणि तिचा झरा याच थरातून येतो. थर काढला तर विहिरीचं काय, हे त्या दोन हजार ब्रासच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

आबा खड्ड्याच्या काठावर बसून बराच वेळ पाणी बघत होते. मग म्हणाले, "तो खड्डा आधी बुजव."