बरोबर उत्तर : बेसॉल्ट

‘सर, मी आत्ता आमच्या अंगणात उभी आहे. पायाखाली जांभा आहे. घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. मग माझा मार्क का कापला?’

सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर मोबाइल उघडला, तर पहिली मेल ही. देवगडजवळच्या एका गावातली मुलगी. सोबत फोटो : लालसर, भोकाभोकांची जमीन आणि तिच्यावर दोन अनवाणी पावलं. चहा तसाच ठेवून मी मूडल, म्हणजे कोर्स आणि चाचण्या चालवायचं आमचं सॉफ्टवेअर, उघडलं. प्रश्न सातवा. ‘तुम्ही राहता त्या परिसरातला मुख्य खडक कोणता?’ पर्याय चार : बेसॉल्ट, ग्रॅनाइट, चुनखडक, जांभा. बरोबर उत्तर : बेसॉल्ट.

हा प्रश्न मी घातला होता. म्हणजे संगणकात मी घातला होता.

माझं काम नातेवाइकांना समजावणं अवघड आहे. ‘विद्यापीठात कॉम्प्युटरचं बघतो’ एवढ्यावर आई विषय मिटवते. प्राध्यापक त्यांचा विषय घेऊन येतात, मी त्याचा ऑनलाइन कोर्स करायला मदत करतो. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा, स्वतःची चाचणी. २०१७ साली केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ ‘स्वयम्’ सुरू झालं तेव्हापासून हा चार खणांचा साचा सगळीकडे रुळलाय. २०२१मध्ये यूजीसीने एका सत्रात स्वयम्‌वरून घेता येणाऱ्या विषयांची मर्यादा २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली. त्यानंतर ‘ऑनलाइन म्हणजे पाट्या टाकणं’ म्हणणारे प्राध्यापकही आमच्या दारात दिसू लागले. काही आवडीने येतात, काहींना विभागप्रमुख धाडतात.

भूशास्त्राच्या मॅडम तिसऱ्याच प्रकारातल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि आल्या त्याच भांडायला. ‘दगड हातात न देता भूशास्त्र शिकवायचं? उद्या पोहणं पण शिकवा पडद्यावर.’ वर्गातल्या मुलांना त्या पहिल्याच आठवड्यात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत नेतात आणि तिथे उभं करून विचारतात, ‘हा कोणता?’ मी त्यांना माझं नेहमीचं अस्त्र काढून दाखवलं : एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा २०१४ सालचा अभ्यास. त्याचा निष्कर्ष असा की व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा लांबला की बघणारे गळायला लागतात. मॅडम म्हणाल्या, ‘सहा मिनिटांत लाव्हा पण थंड होत नाही रे.’ पण ऐकलं त्यांनी. पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाचे आठ तुकडे केले, त्यातले दोन रागारागाने.

चाचणीचे प्रश्न त्यांनी हाताने लिहून दिले होते. आखीव कागद, सुरेख अक्षर. मी ते बहुपर्यायी करून चढवले, कारण बहुपर्यायी प्रश्न यंत्र तपासतं आणि १८० विद्यार्थ्यांच्या कोर्सला ते बरं पडतं. सातव्या प्रश्नाला मॅडमनी पर्याय दिलेच नव्हते. चार पर्याय माझे. उत्तरही माझं, कारण मी पुण्याचा, आणि पुण्यात कुठेही खोदा, काळा कातळच लागतो. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर अख्खं त्यातच कोरलंय. मला शंका यायचं कारणच नव्हतं.

दहा वाजता मॅडमच्या खोलीत गेलो. मूळ कागद त्यांनी ड्रॉवरमधून काढला. सातव्या प्रश्नासमोर समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं : ‘नुसता विचारायचा. मार्क नको.’ कागद स्कॅन करताना मी तो समास कापला होता. कडा स्वच्छ दिसाव्यात म्हणून.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चश्मा लावला आणि म्हणाल्या, ‘चुकलेली सगळी उत्तरं दाखव.’

सव्वीस होती. पहिली नऊ कोकणातली, जांभा. गडचिरोलीच्या एका मुलाने ग्रॅनाइट लिहिलं होतं. ‘बिचाऱ्याला शून्य दिलंस तू,’ मॅडम म्हणाल्या. ‘आपला दख्खनचा दगड साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांचा. त्याच्याकडचे खडक अडीचशे कोटींहून जुने. तुझ्या बेसॉल्टचा खापरपणजोबा आहे तो.’

मग आली पुण्यातलीच उत्तरं. सदाशिव पेठेतल्या एकाने ‘चुनखडक’ निवडला होता, कोथरूडच्या एकीने ‘ग्रॅनाइट’. मी म्हटलं, ही तरी चुकलीच ना? मॅडम हसायला लागल्या. ‘फोन लाव त्यांना.’

लावला. सदाशिव पेठेतला म्हणाला, ‘मॅडम, घरात शहाबादी फरशी आहे. आजोबा म्हणायचे, ती चुनखडकाची असते.’ कोथरूडची म्हणाली, ‘आमचा ओटा ग्रॅनाइटचा आहे.’ मुलं प्रश्न वाचून खिडकीबाहेर नाही, घरात बघत होती. शहाबादी चुनखडकच, मुलगा शंभर टक्के बरोबर. ओट्याचं मात्र मॅडमनी तिला नीट समजावलं : बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो. बेसॉल्टचेच भाऊबंद, फक्त जमिनीखाली सावकाश थंड झालेले, म्हणून दाणे मोठे. ती मुलगी फोनवरच ओट्यापाशी गेली असावी, कारण थोडा वेळ काही आवाज नाही, आणि मग, ‘हो मॅडम, चमकतायत बारीक बारीक.’

हे संभाषण चार मिनिटांचं झालं असेल. कोर्सच्या आठही व्हिडिओंत मॅडमचा असा आवाज नव्हता. तिथे त्या माझी पटकथा वाचत होत्या, टेलिप्रॉम्प्टरवरून, माझ्या सांगण्यावरून हात न हलवता. ते हात हलत असताना मी पहिल्यांदाच नीट बघितले.

आता दुरुस्ती. मी म्हटलं, सोपंय, चारही पर्यायांना पूर्ण गुण देतो आणि रीग्रेड मारतो. ‘म्हणजे देवगडच्या मुलीने ग्रॅनाइट लिहिलं असतं तरी बरोबर?’ मग म्हटलं, जिल्ह्याप्रमाणे उत्तर ठरवू, तक्ता करतो. ‘जिल्हा म्हणजे काय एकच दगड असतो? महाबळेश्वरचं पठार साताऱ्यात आहे, वर जांभा आणि खाली बेसॉल्टचे थर. काय लिहिशील तक्त्यात?’ मी गप्प बसलो. शेवटी त्यांनीच सांगितलं : पर्याय काढ. घरातला किंवा दारातला एक दगड निवडायचा, फोटो काढायचा, नखाने, तांब्याच्या तारेने आणि काचेच्या तुकड्याने ओरखडून बघायचं, लिंबू पिळायचं (चुनखडक असेल तर फसफसतो) आणि काय झालं ते पाच ओळींत लिहायचं. कठीणपणा मोजायच्या मोसच्या मापपट्टीवर नख अडीच, तांबं तीनच्या जरा वर, काच साडेपाच. प्रयोगशाळा झाली.

‘मॅडम, तपासणार कोण? एकेकाला दोन मिनिटं धरली तरी सहा तास.’

‘टेकडीवर न्यायला पण तेवढाच वेळ जातो,’ त्या म्हणाल्या.

दुपारी दोनला नवा प्रश्न चढवला. तीनपासून विद्यार्थ्यांच्या तक्रारी : फोटो जात नाही. फाइलची मर्यादा दोन एमबीच राहिली होती. सर्व्हरची मूळ मर्यादा तेवढीच असते, ती वाढवायची मला सुचलं नव्हतं, आणि आजकालच्या मोबाइलचा फोटो सहज चार-पाच एमबी भरतो. सर्व्हरवाल्या दादांना शोधून ती दहा करेपर्यंत साडेचार वाजले. या सगळ्यात देवगडच्या मेलला उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. दिलं. तिचा मार्कही दिला.

संध्याकाळी सहाला मॅडम माझ्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. फोटो येत होते. पाटा, वरवंटा, उंबरठा, विहिरीचा काठ, देवळाची पायरी. सोलापूरकडच्या एका मुलीने जात्याचा फोटो पाठवला होता, वरची पाळी उलटी ठेवून, टाकीचे घाव दिसावेत म्हणून. खाली लिहिलं होतं की काचेने ओरखडा उठत नाही, उलट काचच ओरखडते. आणि आजी विचारतेय, टाकी लावायला आता कुणी येत नाही, तर दगड स्वतःहून परत खरखरीत होईल का? मॅडमनी एका बोटाने टाइप करत या प्रश्नाला भलंमोठं उत्तर लिहिलं. अर्धा तास लागला. मी मध्ये एकदाच बोललो, ‘मॅडम, बोलून पाठवा, ऑडिओची सोय आहे,’ तर त्यांनी नुसता हात केला. थांब.

घरी पोहोचायला साडेनऊ झाले. जेवण झाल्यावर ओट्यावर लिंबाची फोड पिळली. काही झालं नाही. मग बाल्कनीतली कोटा फरशी किल्लीने जराशी खरवडली आणि त्या पांढऱ्या भुकटीवर दोन थेंब टाकले. कान जवळ नेल्यावर अगदी बारीक चुरचुर ऐकू आली. आई दारात उभी होती. ‘कॉम्प्युटरचं काम ना तुझं?’ म्हणाली. तो डाग अजून आहे तिथे.