तेरावी बकेट

उरणच्या बाजूला एका टँकच्या पायाचं काम चालू होतं, खाली सगळा खाडीचा गाळ, म्हणून स्टोन कॉलम, म्हणजे जमिनीत उभे केलेले खडीचे खांब. पोकर, म्हणजे मोटरवर थरथरणारा लांब दांडा, पाण्याच्या जेटने खाली घालायचा आणि खडी टाकत, दाबत वर यायचं. ९०० मिमी व्यास, ९ मीटर खोली, हिशोबाने पावणेसहा घनमीटर, दबून वगैरे धरलं की लोडरच्या सात-आठ बकेट. ऑपरेटर दर बकेटला दारावर खडूची रेघ मारायचा.

त्या दिवशी एका पॉइंटला तेरावी रेघ पडली तरी आम्ही अर्ध्यावरच. खडी घट्ट बसली की मोटरवर लोड येतो आणि अँमीटरचा काटा चढतो, रोज ११० पर्यंत जायचा, आज ७० च्या पुढे सरकेना. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणाला, "साहेब, अजून चार बकेट टाकू आणि पुढे जाऊ, रेकॉर्डचं मी बघतो." रेकॉर्डचं मी बघतो, हे ऐकून पोटात गोळाच आला.

तेवढ्यात भोकातून वर येणाऱ्या पाण्याकडे लक्ष गेलं. हातात घेतला तर लोण्यासारखा काळा गाळ, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि तिवराची कुजलेली मुळं. शेजारच्या पॉइंटना करडी चिकणमाती यायची. म्हणजे इथून कधीकाळी खाडीचा फाटा गेलेला आणि माती तपासणीच्या रिपोर्टमधले बोअर बरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना, मधे एकही नाही!

रिग थांबवली. कॉलमला आधार बाजूच्या मातीचाच असतो, तीच एवढी मऊ असेल तर खडी पसरत जाते, मग कितीही ओता. भांडून संध्याकाळी तिथेच बोअर घेतला. एसपीटीला, म्हणजे माती किती घट्ट आहे ते बघायच्या चाचणीला, ६३.५ किलोचा हॅमर ७५ सेंमीवरून टाकून ठोके मोजतात, इथे हॅमर नुसता ठेवला आणि रॉड आपोआप खाली गेले. थेट ११ मीटरपर्यंत. म्हणजे आमचे ९ मीटरचे कॉलम गाळातच लोंबकळले असते, आणि वर अख्खा टँक.

डिझाइनवाल्यांनी तेवढ्या पट्ट्यात खोली १३ मीटर केली, दोन कॉलममधलं अंतर २ वरून दीड मीटरवर आणलं, लोड टेस्टही तिथेच घेतली. पुढे हायड्रोटेस्टला, म्हणजे टँक पाण्याने भरून बघायच्या चाचणीला, पाणी टप्प्याटप्प्याने भरलं, गाळातलं पाणी खडीतून निघून जायला वेळ मिळावा म्हणून. मी दर वेळी पहिलं रीडिंग त्याच बाजूचं घ्यायचो, झोपच लागत नव्हती. टँक पूर्ण भरला तेव्हा त्या बाजूच्या आणि बाकीच्या खचण्यातला फरक १ सेंमीच्या आत होता. तो आकडा आधी लोडरवाल्याला फोन करून सांगितला.